रिपोर्टमध्ये ‘एपिथेलियल सेल्स’ आलंय? आधी कुठल्या पेशी ते बघा

स्लाइडवाली_मिरज

मिरजेत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. सांगली, जत, कवठेमहांकाळ, पलीकडून अथणीपर्यंतचे लोक तपासणीसाठी मिरजेत येतात. रिपोर्ट हातात पडला की काउंटरवरच वाचायला लागतात. साखर, प्रोटीन ‘निल’ दिसलं की चेहरा खुलतो, आणि खाली ‘एपिथेलियल सेल्स ६-८’ दिसलं की पडतो. "मॅडम, ह्या कसल्या सेल्स? कॅन्सरच्या तर नाहीत?" हे मी इतक्यांदा ऐकलंय की एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं.

शरीरात जिथं जिथं पृष्ठभाग आहे, आतला किंवा बाहेरचा, तिथं पेशींचं अस्तर असतं. कातडी, गालाची आतली बाजू, अन्ननलिका, आतडं, श्वासनलिका, मूत्रपिंडातल्या बारीक नळ्या, मूत्राशय, गर्भाशय, सगळीकडे. ही अभिस्तर ऊती, इंग्रजीत एपिथेलियल टिश्यू. पेशी एकमेकींना घट्ट चिकटून बसतात, मधे फट जवळजवळ नसते. खाली एक पातळ पडदा असतो, आधारपटल, त्यावर सगळ्या बसलेल्या. आणि या थरात रक्तवाहिन्या नसतात. खालच्या ऊतीतल्या केशिकांमधून प्राणवायू आणि अन्न पाझरत वर येतं, त्यावरच या पेशी जगतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

पेशीचा आकार तिच्या कामावरून ठरतो. फुफ्फुसाच्या वायुकोशात हवा आणि रक्त यांच्यात देवघेव व्हायची, म्हणून तिथं चपट्या पेशींचा एकच थर. हवेपासून रक्तापर्यंतचं सगळं अंतर साधारण अर्धा मायक्रॉन. याउलट तळहात, तळपाय, जीभ, अन्ननलिका इथं घासणं आहे, म्हणून चपट्या पेशींचे थरावर थर. वरचे झडतात, खालून नवे येतात. कातडीच्या तळातून निघालेली पेशी साधारण चार आठवड्यांत वर येऊन गळते. जिथं शोषून घ्यायचं किंवा स्रवायचं, तिथं पेशी उंच किंवा चौकोनी, कारण आत यंत्रणा मावायला जागा लागते. आतड्यात उंच स्तंभीय पेशी, मूत्रपिंडाच्या नळ्यांत आणि थायरॉइडमध्ये चौकोनी. थायरॉइडच्या पेशी तर कामाप्रमाणे उंची बदलतात. ग्रंथी सुस्त असली की बसक्या, जोरात चालली की उंच.

मूत्राशयाचं अस्तर मला सगळ्यात आवडतं. मूत्राशय रिकामं असताना पेशींचे पाच-सहा थर दिसतात, भरलं की ताणून दोन-तीन राहतात. वरच्या मोठ्या पेशी पसरतात, पण लघवी खालच्या ऊतीत झिरपू देत नाहीत. दिवसभर भरायचं, रिकामं व्हायचं, आणि तरी गळती नाही.

आता लघवीच्या रिपोर्टकडे. नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये पाच मिनिटं फिरवला की तळाशी गाळ बसतो. त्यातला थेंब काचपट्टीवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघतो. अस्तराच्या तीन प्रकारच्या पेशी दिसू शकतात. पहिली स्क्वामस: मोठी, पातळ, कोपरे दुमडलेले, मधोमध ठिपक्याएवढं केंद्रक. ही मूत्रमार्गाच्या टोकाकडून, बायकांमध्ये योनीमार्गाकडून आणि बाहेरच्या कातडीवरून नमुन्यात येते. रिपोर्टमध्ये बहुतेक वेळा हीच असते आणि ती आजार दाखवत नाही. दुसरी मूत्राशयाच्या अस्तराची: गोल किंवा पेरूसारखी, कधी एका बाजूला शेपूट असलेली. एखाददुसरी दिसली तर काही नाही. तिसरी मूत्रपिंडाच्या नळीतली: पांढऱ्या पेशीपेक्षा जरा मोठी, गोल, केंद्रक मोठं. ही वाढलेली दिसली की आम्ही मुद्दाम लिहितो आणि डॉक्टरला फोनही करतो.

म्हणजे ‘एपिथेलियल सेल्स ६-८’ एवढ्यावरून घाबरायचं कारण नाही. कुठल्या, ते विचारा. शंका असतील तर खाली लिहा, जमेल तशी उत्तरं देते.

बेदाणा_तासगाव

ताई, वेळेवर लिहिलंत. आईच्या रिपोर्टला स्क्वामस १५-२० आल्यात. पस सेल्स (पुवाच्या पेशी) २-३. आईला जळजळ नाही, ताप नाही. शेजारच्यांनी सांगितलं इन्फेक्शन असणार, गोळ्या सुरू करा. काय करू?

स्लाइडवाली_मिरज

@बेदाणा_तासगाव, दादा, गोळ्या शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून नकोत. स्क्वामस इतक्या आणि पस सेल्स कमी, त्रास काही नाही, म्हणजे बहुतेक नमुना नीट घेतला गेला नाही. आईंना असं सांगा: पाण्याने पुढून मागे स्वच्छ धुवायचं, साबण नको. पहिली धार सोडून द्यायची, मधली डबीत धरायची, शेवटची पुन्हा सोडायची. डबीच्या आत बोट लावायचं नाही. पाळी सुरू असताना शक्यतो नमुना देऊ नये. आणि तासाभरात लॅबमध्ये पोचवा. तासगावातून मिरजेला आणेपर्यंत उन्हात डबी गाडीच्या डिकीत राहिली तर पेशी फुटतात आणि जंतू वाढतात, मग रिपोर्टवर भरवसा ठेवता येत नाही. पुन्हा एकदा तपासा आणि दोन्ही रिपोर्ट डॉक्टरना दाखवा.

आमच्याकडं बायकांना डबी हातात देतात आणि बाथरूमचं दार दाखवतात, पण ही मधल्या धारेची गोष्ट कोणी सांगत नाही. सांगायला लाज कसली? एक वाक्य सांगितलं तर एक अँटिबायोटिकचा कोर्स वाचतो.

माहुली

मी सातारा तालुक्यात रयतच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. नववीला ‘सरल पट्टकी, स्तरित पट्टकी, घनाभरूप, स्तंभीय, रोमक’ ही यादी मुलं तोंडपाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. पण मुलाला स्वतःच्याच गालाची पेशी दाखवली की ती आयुष्यभर विसरत नाही. आइस्क्रीमच्या स्वच्छ काडीने गालाच्या आतून हलकं घासायचं, काचपट्टीवर फिरवायचं, वाळल्यावर मिथिलिन ब्लूचा थेंब, दोन मिनिटांनी धुऊन कव्हरस्लिप. आकाशी रंगाची चपटी पेशी आणि मधे गडद निळं केंद्रक. मागच्या वर्गात एका मुलीने विचारलं, "सर, ही पेशी आत्ता मी ओरबाडली, मग तिथं जखम का नाही झाली?" माझ्या मते अख्ख्या पाठातला हा सर्वांत चांगला प्रश्न होता. ती पेशी आधीच गळायच्या बेतात होती, खालचे थर जागेवर होते.

एक विचारतो: तोंडाची पेशी आणि कातडीची पेशी दोन्ही स्तरित पट्टकी, म्हणजे चपट्या पेशींचे थर. मग तोंड ओलं आणि कातडी कोरडी कशी? मुलांना नीट सांगायचं आहे.

स्लाइडवाली_मिरज

@माहुली सर, फरक केराटिनचा. कातडीची पेशी वर सरकताना केराटिन या प्रथिनाने भरत जाते, केंद्रक नाहीसं होतं, पेशी मरते, आणि मेलेल्या पेशींचा तो थर पाणी अडवतो. गालाच्या आत वरच्या पेशींतही केंद्रक राहतं, म्हणून तर तुमच्या मुलांना ते निळं दिसतं. हातावरची कातडी खरवडून तसाच प्रयोग करून बघा, केंद्रक सापडणार नाही. मुलांना दोन्ही काचपट्ट्या शेजारी ठेवून दाखवता येतील.

व्हिटॅमिन एचाही इथं संबंध आहे. ते खूप कमी पडलं की डोळ्याचं ओलं अस्तर कातडीसारखं कोरडं, केराटिनयुक्त व्हायला लागतं. बुबुळाच्या बाजूला फेसासारखे पांढरट डाग येतात, रात्री दिसत नाही. अंगणवाडीत बाळांना व्हिटॅमिन एचा डोस देतात तो यासाठी.

हळदपेठ

वडील सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या गोदामात हमाली करतात. संध्याकाळी थुंकी पिवळी पडते, खोकला असतो. बिडी पण ओढतात. ते म्हणतात हळद औषधी आहे, पोटात गेली तर चांगलंच. मला काळजी वाटते.

स्लाइडवाली_मिरज

@हळदपेठ, काळजी योग्य आहे. श्वासनलिकेच्या अस्तरात दोन प्रकारच्या पेशी शेजारी शेजारी असतात. एक कफ तयार करणारी, दुसरी डोक्यावर शेकडो बारीक रोम असलेली. धूळ कफात अडकते. रोम सेकंदाला दहा-वीस वेळा हलतात, पण सगळे एकाच वेळी नाही, एकापाठोपाठ. वारा आला की उसाच्या रानावरून जशी लाट जाते, तशी. ती लाट कफाला घशाकडे ढकलते, मिनिटाला साधारण एक सेंटिमीटर. घशाशी आलेला कफ आपण गिळतो किंवा थुंकतो. वडिलांच्या थुंकीतला पिवळेपणा हळदीचा असेल तर अस्तर धूळ बाहेर काढतंय. पण जी धूळ फार बारीक असते ती पार वायुकोशापर्यंत जाते, तिथं रोम नाहीत. हळद खाणं वेगळं आणि ती फुफ्फुसात जाणं वेगळं.

आता बिडी. धुराने रोम आधी मंदावतात, मग झडतात. वर्षानुवर्षं धूर लागला की ती रोमक पेशीच नाहीशी होते आणि तिच्या जागी तोंडातल्यासारखे चपट्या पेशींचे थर येतात. धुराला ते टिकतात, पण कफ ढकलू शकत नाहीत. मग कफ साचतो आणि तो काढायला खोकलाच उरतो. बिडी ओढणाऱ्याला सकाळी उठल्या उठल्या जो खोकला येतो तो हा. पुढचे कॅन्सरचे बदलही अशाच जागी सुरू होतात. बिडी सोडली तर रोम पुन्हा उगवू शकतात, म्हणून "आता सोडून काय उपयोग" हे वडिलांना म्हणू देऊ नका. गोदामात मास्क लावायला सांगा. आणि खोकला दोन आठवड्यांहून जास्त असेल तर थुंकीची टीबी तपासणी कराच, सरकारी दवाखान्यात ती फुकट होते.

शल्यक

उत्तम धागा. मी सर्जन आहे, एक भर घालतो.

स्लाइडवाली यांनी वर लिहिलं की या थरात रक्तवाहिन्या नसतात. कॅन्सरच्या संदर्भात ही फार मोठी गोष्ट आहे. मोठ्या माणसांतले दहातले आठ-नऊ कॅन्सर अस्तराच्या पेशींतूनच उगवतात, कारण या पेशी सतत विभागतात आणि धूर, तंबाखू, ऊन, विषाणू सगळं आधी यांनाच भिडतं. पेशी बिघडली, वाढली, पण आधारपटल ओलांडलं नाही, तोवर तिला रक्त किंवा लसीकावाहिनी गाठता येत नाही, म्हणजे ती दुसरीकडे पसरू शकत नाही. या अवस्थेत तेवढा भाग काढला की माणूस बरा होतो. आधारपटल फोडून ती खाली उतरली की आजार बदलला. बायोप्सीच्या, म्हणजे तुकडा काढून केलेल्या तपासणीच्या, रिपोर्टमध्ये आम्ही सगळ्यात आधी हेच शोधतो.

गर्भाशयमुखाची तपासणी याच आधारावर उभी आहे. तिथं चपट्या पेशींचे थर आणि उंच पेशी यांची सीमा आहे, आणि बिघाड बहुतेक त्या सीमेवरच सुरू होतो. जॉर्ज पापानिकोलाऊ यांनी तिथल्या गळलेल्या पेशी काचपट्टीवर बघायची पद्धत रूढ केली, तीच पॅप टेस्ट. आपल्याच राज्यातल्या उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या लाखाहून अधिक बायकांवर मोठा अभ्यास झाला. २००९ साली निष्कर्ष आले: एकदाच केलेल्या एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणारा विषाणू) तपासणीनेही गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू निम्म्याच्या आसपास आले. आपल्याच मातीतल्या बायकांनी दिलेला हा पुरावा आहे. तरीही तपासणीला या म्हटलं की "मला काही होत नाही" हे उत्तर मिळतं. होत नसतं तेव्हाच यायचं असतं.

आणि हो, केमोथेरपीत तोंड का येतं, जुलाब का होतात, केस का जातात, तेही यातच. औषध वेगाने विभागणाऱ्या पेशी मारतं. आतड्याचं अस्तर तर तीन ते पाच दिवसांत नवं होतं.

ऊसकरी_वाळवा

डॉक्टरसाहेब, ताई, माझ्या चुलत्याला मागं उसात घोणस चावली. लस दिली, जीव वाचला, पण लघवी बंद झाली. मिरजेत डायलिसिस केलं. आम्ही म्हटलं किडनी गेली कायमची. पण महिन्याभरात लघवी सुटली आणि डायलिसिस थांबलं. हे कसं झालं? गावात कुणी मंतरल्याचं श्रेय घेतंय.

स्लाइडवाली_मिरज

@ऊसकरी_वाळवा, श्रेय लसीचं, डायलिसिसचं आणि चुलत्यांच्या मूत्रपिंडातल्या चौकोनी पेशींचं.

मूत्रपिंडं दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात. लघवी होते दीड-दोन लिटर. बाकीचं सगळं या नळ्यांतल्या पेशी परत रक्तात ओढून घेतात. त्यासाठी त्यांना भरपूर ऊर्जा लागते, म्हणून रक्तपुरवठा कमी झाला किंवा विष आलं की त्या लवकर मरतात. घोणशीच्या विषाने नेमकं हेच होतं. मेलेल्या पेशी सुटून नळीत पडतात, नळी तुंबते, लघवी थांबते. अशा वेळी गाळात तपकिरी रंगाचे दंडगोल तुकडे दिसतात, तो नळीचा साचाच असतो. ते मायक्रोस्कोपखाली दिसले की आम्ही रिपोर्ट टाइप करायच्या आधी वॉर्डला कळवतो.

पण नळीचं आधारपटल शाबूत असेल तर त्यावर उरलेल्या पेशी विभागतात, पसरतात आणि नळीला पुन्हा अस्तर लावतात. त्याला काही आठवडे लागतात. तोवर रक्त साफ ठेवायचं काम डायलिसिस करतं. सगळ्यांचंच असं होत नाही, काहींची इजा खोल असते. म्हणून चावल्यावर वेळ घालवायचा नाही, मांत्रिकाकडे तर नाहीच. चुलत्यांचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) अधूनमधून तपासत राहा.

गुऱ्हाळ_कराड

मग भाजल्यावरचंही असंच असणार. आमच्याकडं काहिलीतून रस उसळून गुळव्याच्या हातावर आला होता. मनगटाकडचं कातडं पंधरा दिवसांत आलं, पण बोटांच्या मागं एका जागी येईना, तिथं मांडीचं कातडं लावलं. आणि मांडीवरची जागा आपोआप भरली! त्याला अजून नवल वाटतं.

शल्यक

@गुऱ्हाळ_कराड, नवल वाटण्यासारखंच आहे. केसांची मुळं आणि घामाच्या ग्रंथी कातडीत खोलवर गेलेल्या असतात, आणि त्यांनाही अस्तराच्याच पेशी असतात. वरचा थर जळला पण ही मुळं वाचली, तर प्रत्येक मुळाभोवतून पेशी बाहेर सरकतात आणि जखम झाकतात. नीट बघितलं तर जखमेत आधी ठिपके ठिपके दिसतात, मग ते एकमेकांना मिळतात. मनगटाला हे झालं. बोटांवर चटका खोल गेला, मुळंच राहिली नाहीत, म्हणून कडेकडूनच भरणं शक्य होतं आणि ते पुरलं नाही. मांडीवरून आम्ही कातडीचा फक्त पातळ काप घेतो, मुळं मागे ठेवून. म्हणून ती जागा स्वतः भरते.

गुऱ्हाळावर भाजलं तर आधी वाहतं साधं पाणी, वीस मिनिटं. चिकट पाक कातडीवर उष्णता धरून ठेवतो. हळद, टूथपेस्ट, शाई काही लावू नका, जखम किती खोल ते आम्हाला दिसत नाही.

कृष्णाकाठ

२०१९ च्या पुरात आमच्या गावात जुलाबाची साथ नको म्हणून आरोग्यसेविका घरोघरी ओआरएस (मीठ-साखरेच्या पाण्याची पाकिटं) वाटत होत्या. तेव्हापासून प्रश्न आहे: जुलाबात पाणी आतड्यातून निसटतंय, तर तोंडाने दिलेलं पाणी का टिकतं? आणि साखर कशाला?

स्लाइडवाली_मिरज

@कृष्णाकाठ, याचं उत्तर आतड्याच्या स्तंभीय पेशीत आहे. तिच्या वरच्या टोकाला एक वाहक प्रथिन असतं, ते दोन सोडियम आणि एक ग्लुकोज जोडीनेच आत घेतं. नुसतं मीठ दिलं तर या वाटेने जात नाही, साखर सोबत लागते. मीठ-साखर आत गेली की त्यांच्यामागे पाणी जातं. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये ही कल्पना मांडली. कॉलऱ्याचं विष पेशीला मारत नाही, तिला क्षार आणि पाणी बाहेर टाकायला लावतं. पण ही साखर-मिठाची वाट तेव्हाही उघडी राहते. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी सलाइन संपत आल्यावर हेच पाणी पाजून असंख्य जीव वाचवले.

पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त नको. गोडपणा वाढवू नका, जास्त साखरेने उलट पाणी आतड्यात ओढलं जातं.

अनु_विटा

सगळं वाचलं. विषय वेगळा आहे पण विचारते. माझा भाऊ २८ वर्षांचा, सहा-सात वर्षं मावा खातो. आता तिखट अजिबात चालत नाही, आणि परवा पाणीपुरी खाताना तोंड पुरतं उघडेना. आई म्हणते उष्णता झाली, गुलकंद दे. हे अस्तराचंच काही आहे का?

शल्यक

@अनु_विटा, विषय वेगळा नाही, या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. सुपारीमुळे गालाच्या अस्तराखालची ऊती हळूहळू टणक तंतूंनी भरते आणि वरचं अस्तर पातळ होत जातं. पातळ झालं म्हणून तिखट झोंबतं, खालचं आवळलं म्हणून तोंड उघडत नाही. ही कॅन्सरपूर्व अवस्था आहे. प्रत्येकाला पुढे कॅन्सर होतो असं नाही, पण धोका खूप वाढतो. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण टपरीवर सुपारी-तंबाखू-चुना घोटून मिळणारा मावा पोरांच्या खिशात आहेच.

आज घरी एक बघा. त्याला त्याचीच तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, उभी करून पुढच्या दातांमध्ये घालायला सांगा. बसत नसतील तर तोंड आवळलंय. आरशासमोर गाल ताणून पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारा व्रण आहे का तेही बघा. गुलकंदाने यातलं काही जाणार नाही. मावा आजपासून बंद, आणि या आठवड्यात दाखवा.

अनु_विटा

दोनच बोटं बसली. डाव्या गालात पांढरट पट्टा आहे. तो घाबरलाय, येतो म्हणतोय. सोमवारी सांगलीला आणते. कुठं दाखवायचं, आणि बायोप्सी केली तर आजार पसरतो म्हणतात, ते खरं का?

शल्यक

दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत ओरल मेडिसिन (तोंडाच्या आजारांच्या) विभागात दाखवा, सांगलीत सोय होईल. बायोप्सीने आजार पसरत नाही. उलट आधारपटल शाबूत आहे की नाही हे त्याशिवाय कळणारच नाही. जागा बधिर करून तुकडा घेतात, टाका एखादा पडतो. जुने कागद काही असतील तर आणा, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा.

स्लाइडवाली_मिरज

@अनु_विटा, भावाला घेऊन लवकर निघा, ओपीडीचे केसपेपर सकाळीच निघतात. तुकडा आमच्याकडं तपासायला आला तर रिपोर्टला चार-पाच दिवस लागतात, तेवढ्या वेळाने घाबरू नका, प्रक्रियाच तेवढी असते. रिपोर्टमधलं काही कळलं नाही तर नाव-पत्ता झाकून मजकूर इथं टाका, शल्यक आणि मी दोघं समजावून सांगू.